शहापूरचा वाडा न पाडता: कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

वाड्याची सगळी कागदपत्रं आज पहिल्यांदा एका टेबलावर आली. हिस्सेदारांची पाच घरं. दोन इथं बेळगावच्या शहापुरातच, बाकीची पुणे, ठाणे आणि मडगावला. प्रत्येकाकडं एकेक पिशवी होती आणि दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. बैठकीत ठरलं की कामाच्या नोंदी मी सविस्तर लिहायच्या, कारण लांब राहणाऱ्यांना नुसत्या फोटोंवरून काही कळत नाही आणि पैसा तर सगळ्यांचा लागणार. घराण्याचं आणि गल्लीचं नाव यात येणार नाही. बाकी सगळं जसं आहे तसं.

शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, तर पलीकडचं बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. पुढं १९५६ ला दोन्ही म्हैसूर राज्यात आली. त्यामुळं एकाच घराच्या पिशवीतून मोडीतलं वाटणीपत्र, इंग्रजी शेरे असलेला नकाशा आणि कन्नडमधला महापालिकेचा खाता उतारा (मालमत्तेच्या नोंदीचा) असं सगळं निघालं. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी जवळच राहतात, त्यांना बसवून घेतलं. वाटणीपत्र त्यांनी सावकाश, बोट फिरवत वाचलं. चतुःसीमा सांगताना ते एका ओळीवर थांबले: उत्तरेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. या भिंतीची भानगड गेल्या दोन पिढ्यांत कुणालाच ठाऊक नव्हती. वाडा पाडून इमारत बांधू म्हणणाऱ्या बिल्डरच्या नकाशात ती सरळ पाडायची म्हणून दाखवली होती. ती पाडली असती तर शेजारच्या माडीच्या तुळया अधांतरी लोंबल्या असत्या.

२६ नोव्हेंबर

मोजणी पूर्ण. पुढं ओटा, दिंडी दरवाजा, दोन्ही बाजूंना दुकानाचा एकेक गाळा, मग चार खणी सोपा (दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण), मधला चौक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. वर माडी. मागं परस, विहीर आणि पडक्या खोल्यांची ओळ, जिथं पूर्वी हातमाग होते. शहापूर-वडगाव भागात साडीच्या धंद्यावर उभी राहिलेली बरीच घरं अशीच आहेत: पुढं विक्री, मधे संसार, मागं माग.

जोतं काळ्या दगडाचं, त्यावर कच्च्या विटांची भिंत, आत सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा. भार सगळा सांगाड्यावर आहे. भिंती बऱ्याचशा नुसत्या आडोशाच्या. ही गोष्ट पुढच्या सगळ्या कामाची किल्ली आहे.

वरून काढलेल्या एका कौलावर बेसल मिशनचा शिक्का आणि १८६५ आकडा आहे. इथल्या अण्णांनी लहानपणापासून वाडा १८६५ चा असल्याचं ऐकलंय. तो आकडा या मिशनरी संस्थेच्या मंगळूरमधल्या कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचा आहे, कौलाच्या घडणीचा नव्हे. कौल त्यानंतरचं, वाड्याचं वय त्यावरून ठरत नाही. अण्णा थोडे नाराज झाले, पण चुकीचं वय दरवाज्यावर कोरून लावण्यापेक्षा हे बरं.

५ डिसेंबर

आज हिशेब मांडला, पाचही घरं फोनवर होती.

बिल्डरचा प्रस्ताव असा होता: वाडा पाडून खाली पार्किंग, वर चार मजले, पाच हिस्सेदारांना पाच फ्लॅट, उरलेले त्याचे. जे दोघं त्याच्या बाजूनं होते त्यांची अडचण खरी होती. वाडा दरवर्षी खर्च मागत होता आणि देत काहीच नव्हता. जुन्या घराबद्दल हळवं बोलून त्यांचा प्रश्न सुटत नाही, त्यामुळं मी तसं काही बोललो नाही.

मी मांडलं ते एवढंच. नवी इमारत बांधायची तर रस्त्याकडून जागा सोडावी लागते. म्हणजे गल्लीकडचे दोन गाळे, जे सगळ्यात जास्त भाडं आणतील, तेच आधी जातात. वाडा आहे तसा दुरुस्त केला तर ते राहतात. माजघर आणि माडी मिळून दोन स्वतंत्र घरं होतात, त्यातलं खालचं आज्जींसाठी. मागच्या मागांच्या खोल्यांना तसाही दम नाही. त्या जागी तळमजला आणि वर एक मजला, सहा लहान भाड्याची घरं. कॉलेजात शिकवणारी, दवाखान्यात नोकरी करणारी माणसं या भागात अशीच घरं शोधत असतात. परसातलं बांधकाम वाड्याच्या कौलापेक्षा उंच जाणार नाही, म्हणजे चौकातला उजेड आणि वारा शाबूत.

दुसरा हिशेब सिमेंटचा. दहा हजार चौरस फुटांच्या इमारतीला, चौरस फुटामागं ०.४ पोतं या ठोकताळ्यानं, चार हजार पोती लागतात. म्हणजे २०० टन. किलोभर सिमेंट तयार होताना साधारण ०.६ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कमीत कमी धरला तरी १२० टन. त्यात सळई नाही, वीट नाही, पाडलेल्या वाड्याचा राडारोडा शहराबाहेर नेऊन टाकणं नाही. हल्ली प्रत्येक नव्या इमारतीच्या जाहिरातीत हिरवं पान छापलेलं असतं. उभं घर पाडून त्या जागी सोलर पॅनेल लावलेली इमारत उभी केली तर आधीचा हा खर्च कुणी धरतच नाही. माझ्या मते तो पहिल्या ओळीत धरायला पाहिजे.

पुण्याच्या काकांनी विचारलं, सरकार काही मदत करील का, वारसा वगैरे म्हणून? खरं सांगायचं तर त्यावर विसंबून काम हाती घेऊ नये. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची. ती केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणात आहे आणि अशा वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढं २०० मीटर परवानगीनंच, असा २०१० पासूनचा कायदा आहे. आमच्यासारख्या राहत्या घराला असलं कवच नाही. ते राहिलं तर घरच्यांच्या इच्छेनं आणि भाड्याच्या उत्पन्नावर राहील.

थोरल्या आज्जी शेवटी बोलल्या. "मला जिना चढायला होत नाही म्हणून खाली न्हाणी करून द्या म्हंटलं होतं. तर तुम्ही वाडाच पाडालाय." चार घरं हो म्हणाली. ठाण्याचं घर पाडव्यापर्यंत बघू म्हणालं, पण काम सुरू करायला हरकत नाही असं लिहून दिलं.

२७ डिसेंबर

बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी, शहरभर रोषणाई केली होती. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, डिसेंबर १९२४, टिळकवाडीच्या बाजूला. त्याच्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे. १९९५ च्या टंचाईनंतर महापालिकेनं शहरातल्या जुन्या विहिरी उपसून वापरात आणल्या, त्यात तीही होती. आमच्या परसातल्या विहिरीत मात्र चाळीसेक वर्षांचा कचरा आहे. गाळ काढणाऱ्यांशी बोललो, ते एप्रिलमध्ये येतील, पाणी तळाला गेल्यावर.

११ जानेवारी २०२५

आज भिंत उघडली. सोप्याची रस्त्याकडची भिंत चार फुटांपर्यंत सिमेंटच्या गिलाव्यात आहे, कुणीतरी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी केलेला. घरच्यांचं म्हणणं, ओल येत होती म्हणून केला, तरी ओल थांबली नाही, उलट वर चढली. तसंच होणार होतं. कच्ची वीट जमिनीतलं पाणी ओढून घेते आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ते उडून जातं. सिमेंटनं ते तोंड बंद झालं. पाण्याला बाहेर पडायला जागा सिमेंटच्या वरच्या कडेलाच मिळाली. म्हणून चार फुटांच्या खाली गिलावा ठणठणीत दिसतो आणि सहा फुटांवर लोणा (क्षार) लागून भिंतीचा भुसा पडतोय. गिलाव्याचा मोठा पापुद्रा छिन्नीनं उचलला तर मागची वीट बोटानं खरवडता येत होती.

आणि ही ओल येते कुठून? गल्लीचा रस्ता. जुना थर न खरवडता वर नवा थर, असं वर्षानुवर्षं चाललंय. अण्णांच्या मुंजीच्या फोटोत ओट्याला चार पायऱ्या आहेत, आज दोन दिसतात. दोन पायऱ्यांइतकं जोतं जमिनीत गाडलं गेलंय आणि गल्लीचं पावसाचं पाणी घराकडं उतरतंय. हे एकट्या आमच्या घराचं दुखणं नाही, अख्ख्या गल्लीचं आहे. नवा रस्ता करताना जुना थर काढायचा हा साधा नियम पाळला तर निम्म्या जुन्या घरांची ओल आपोआप कमी होईल. अर्ज दिलाय. उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर ओट्याच्या पुढं दीड फूट खोल चर काढून, त्यात खडी भरून, पाणी गटारीला काढून देणार.

जुन्या, मूळच्या गिलाव्याचा एक तुकडा घरी नेला. कुटून, वजन करून, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. चुना फसफसून विरघळला. तळाशी राहिलेलं गाळून, धुऊन, वाळवलं: वाळू आणि त्यात विटेची तांबूस भुकटी. म्हणजे सुरखी होती. आता नवा गिलावा कशाचा करायचा ते अंदाजानं ठरवायला नको, जुन्या कारागिरानं प्रमाण लिहून ठेवल्यासारखंच आहे.

१३ जानेवारी

पौष पौर्णिमा. निम्मे गडी सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला. काम बंद.

२९ जानेवारी

चुनकळी, म्हणजे भाजलेला चुना, आली. परसात हौद बांधून त्यात भिजवली. पाणी उकळतं, त्यामुळं आज्जींच्या पणतूला आत सोडलं नाही. चाळणीतून गाळून चुना पाण्याखाली मुरत ठेवलाय, किमान तीन आठवडे, जितका जास्त तितका चांगला. नीट मुरलेला चुना थापीवर लोण्यासारखा बसतो.

मिस्त्री चांगला माणूस आहे पण चुन्यात हात घातलेला नाही. त्याचं म्हणणं: "सायेब, सिमिट मारून टाकूया की. दोन दिसात मोकळं. हे कशाला वाट बघत बसालाय?" त्याचे वडील चुन्यात काम करायचे. त्यांना रिक्षानं आणलं. म्हातारबुवांनी हौदात हात घालून चुना बोटांत चोळला, कचकच लागली तशी पुन्हा गाळायला लावला. हिरडा भिजत घालायचं, गुळाचं पाणी किती, पहिला हात कधी खरडायचा, हे त्यांनी मुलाला सांगितलं, मी टिपून घेतलं. बाप-लेकांचं हे बोलणं कन्नड आणि मराठी दोन्हींत चाललं होतं, अर्धं वाक्य एकात, अर्धं दुसऱ्यात.

चुन्याचा दगड भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजतात, सिमेंटला १४५० च्या आसपास लागतात. इंधनाचा फरक तिथंच पडतो. शिवाय चुना भिंतीवर आला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेत घट्ट होतो. भाजताना गेलेला सगळा परत येत नाही, पण बराचसा येतो. म्हणून तो हळू धरतो, आणि म्हणूनच त्याला घाईत असलेलं काम मानवत नाही.

१९ फेब्रुवारी

माजघराची तिसरी तुळई. या एका लाकडाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तीन वेगवेगळ्या माणसांनी ती बघून अख्खा मजला उतरवा म्हणून सांगितलं होतं.

तुळई सागवानी, नऊ इंच बाय सात. मधे कुठंही हातोडीनं ठोकली तरी खणखणीत वाजते. पश्चिमेच्या भिंतीत शिरते तिथं मात्र बद्द आवाज. टोच्या घातला तर चार बोटं आत गेला. भिंतीतली ओल लाकडाच्या टोकाला लागून ते कुजलं, मग वाळवी आली. म्हणजे बारा फुटांपैकी रोग आहे दीड फुटांत. पण वरची माडी एक इंच खचलीय, दाराची चौकट तिरपी झालीय, आणि बघणाऱ्याला सगळं घरच गेलं असं वाटतं.

आधी खाली फळ्या टाकून दोन जॅक आणि चार धिरे लावले. जॅक रोज थोडाच फिरवायचा, एका दमात उचललं तर वरच्या भिंतीला तडे जातात. आठवडाभरात माडी जाग्यावर आली, दार आपोआप लागायला लागलं. मग सुतारानं कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला. कापताना लाकडाचा वास आला तेव्हा तो थांबून म्हणाला, "हे बघा, अजून तेल आहे ह्यात." नवं टोक तिरप्या सांध्यानं जोडलं, सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या, आरपार बोल्ट. भिंतीत टोकाखाली दगडी पाट बसवला आणि टोकाच्या तिन्ही बाजूंना बोटभर पोकळी ठेवली, हवा खेळावी म्हणून. पूर्वी तिथं माती ठासली होती.

खर्च नव्या तुळईच्या पाव हिश्शाहून कमी. मजला उतरवायचा खर्च तर बाजूलाच. माडीवर आज मिस्त्री आणि तीन गडी एकत्र उभे राहून बघितलं. हलत नाही.

८ मार्च

आणखी एका जोडासाठी जुनं सागवान हवं होतं. नवं कच्चं लाकूड जुन्याशी जोडलं तर वाळताना आकसतं आणि सांधा सुटतो. जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो. एका कोपऱ्यात खांबांवरचे कोरीव हस्त (तुळईला खालून आधार देणारे) ढिगानं पडले होते, शेजारी दिंडी दरवाजे, एकावर कडी-कोयंडा तसाच. सगळे या जिल्ह्यातल्या पाडलेल्या वाड्यांचे. काही गोव्याकडच्या हॉटेलांत शोभेला जातात, उरलेले चिरून फर्निचरला. मला हवा तो तुकडा मिळाला, उत्तम होता. एक वाडा उभा राहायला दुसऱ्या वाड्याचं लाकूड वापरतोय याचं मला वाईट वाटलं, आणि ते चिरवलं जाण्याआधी तुळई म्हणून परत कामाला लागलं याचं बरंही वाटलं.

३० मार्च

पाडवा. दिंडी दरवाज्यावर गुढी उभारली. ठाण्याच्या घराचा होकार आला.

परसातल्या बांधकामाचा पाया काळ्या दगडात भरून झालाय. भिंतींसाठी मातीचे दाबलेले ठोकळे. पाया खणताना निघालेली तांबडी माती, वरचा काळा थर बाजूला काढून, बाटलीत पाण्यात घोळून बघितली: वाळू भरपूर, चिकण कमी, म्हणजे ठोकळ्याला योग्य. त्यात सात टक्के सिमेंट. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ ला सुरू झालेल्या अस्त्र केंद्रानं यावर खूप काम केलंय. हातानं दाबायचं 'मर्दिनी' यंत्र तिथलंच. भट्टी नाही, म्हणून जळण नाही. दाबल्यावर तीन आठवडे पोत्यांखाली ओले ठेवायचे. आमच्या खणतीची माती पुरली नाही, बाकीची दुसऱ्या एका पायाच्या खणतीतून आणली. ती त्यांना टाकूनच द्यायची होती.

इथं लोकांचा एक आक्षेप ऐकायला मिळतो, आणि तो ऐकून घेतला पाहिजे: मातीचं घर पुरात गेलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात जिल्ह्यात हजारो घरं पडली, त्यात मातीची जास्त. ज्यांनी ते बघितलं त्यांना माती म्हटलं की धडकी भरते. पण ती घरं नदीकाठची, दिवसच्या दिवस पाण्यात उभी होती. माती पायाशी पाण्यात ठेवली तर टिकणार नाही. शहापूर नदीकाठी नाही. उंच दगडी जोतं, वर पुढं आलेलं छप्पर, एवढं सांभाळलं तर भिंत टिकते. पुढचा वाडा त्याच मातीचा आहे.

२२ एप्रिल

परसातला पहिला स्लॅब पडला. वाड्याच्या छपरावरून उतरवलेल्या कौलांपैकी ज्यांची नाकं तुटलीत, खाच झिजलीय, ती पाणी धरत नाहीत. ती जोडीजोडीनं स्लॅबच्या खालच्या भागात बसवली. तिथलं काँक्रीट तसंही ताण घेत नाही, ताण सळई घेते. तेवढं काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो, कौलांमधल्या पोकळीमुळं खोली कमी तापते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रूढ केली. खालून गिलावा करायचा नाही, तांबडी कौलं तशीच दिसू द्यायची.

२१ मे

वळवानं धुऊन काढलं. छपराचं काम चालू आहे, पण एका वेळी दोनच खण उघडायचे असं पहिल्यापासून ठरलं होतं, त्यामुळं ताडपत्री पुरली. माजघरात एक थेंब नाही. गिलाव्यावर ओली पोती टांगलीत, ती आज टांगायची गरजच नव्हती.

एक अडचण अशी की नवी कौलं जुन्यांत बसत नाहीत. मंगलोरी कौल म्हटलं तरी प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, खाचा जुळत नाहीत, मधून पाणी शिरतं. म्हणून मिसळायची नाहीत. साबूत जुनी कौलं गल्लीकडच्या उतारावर एकत्र घातली, चौकाकडच्या उतारावर सगळी नवी. वासे बहुतेक जुने राहिले, रीपा सगळ्या बदलल्या.

२७ मे

यंदा मान्सून केरळात २४ लाच आला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. शेवटचे दोन खण काल रात्री दिव्याच्या उजेडात झाकले. सुतार, मिस्त्री, त्याचा मेहुणा, शेजारची दोन पोरं. कुणाला बोलवावं लागलं नाही. आज्जींनी सगळ्यांना भाकरी-पिठलं करून घातलं.

१६ जून

विहिरीला छपराचं पाणी जोडलं. चौकाकडचं आणि मागचं छप्पर मिळून सुमारे १,८०० चौरस फूट. बेळगावचा वर्षाचा पाऊस १,३०० मिलिमीटरच्या आसपास धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी पावणेदोन लाख लिटरच्या जवळ पाणी. पन्हाळीतून आलेलं पहिलं पाणी बाहेर सोडायला वेगळी नळी ठेवलीय, मग खडी, कोळसा आणि वाळूची गाळणी. विहिरीतून एप्रिलमध्ये निघालेल्या गाळात तांब्याची घागर, मागाचे दोन धोटे आणि असंख्य प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. धोटे धुऊन आज्जींकडं दिले.

१४ जुलै

पाऊस संततधार. सोप्याची भिंत रोज बघतो. ओट्यापुढच्या चरातून पाणी वाहतंय, जोत्याच्या वरच्या दगडाला ओल नाही. आतल्या चुन्याच्या गिलाव्यावर दोन ठिकाणी ढगाळ डाग आहेत, ते भिंतीतलं जुनं पाणी. ते बाहेर पडायला एखादं वर्ष लागेल. तोवर त्या भिंतीला ऑइल पेंट, पुट्टी, टाइल, काही लावायचं नाही. भाडेकरूच्या करारातही हे लिहायचं. चांगली दुरुस्ती दोन डबे रंगानं वाया गेलेली मी दुसऱ्यांच्या घरांत बघितलीय.

२४ ऑगस्ट

गणपती तीन दिवसांवर. गल्लीकडचा एक गाळा साड्यांच्या दुकानाला गेला, वडगावच्या विणकरांचा माल ठेवणार आहेत. दुसरा शिंप्याला. परसातल्या सहापैकी चार घरांची बोलणी झालीत, दोघं आत राहायलाही आले. आज्जी माजघरात, न्हाणी शेजारीच.

आज हिस्सेदारांचा करार वाचून दाखवला. त्यातलं महत्त्वाचं कलम: दरमहा येणाऱ्या भाड्यातले शंभरातले पंधरा रुपये आधी दुरुस्तीच्या खात्यात, मग उरलेल्याच्या वाटण्या. ते खातं कुणा एकाच्या नावावर नाही, दोघांच्या सह्या लागतात. त्यातून दर मे महिन्यात कौलं चाळायची, पन्हाळी साफ करायची, तुळयांची भिंतीतली टोकं ठोकून बघायची. वाडा बहुतेक वेळा म्हातारपणानं पडत नाही. हे पंधरा रुपये कुणी काढायचे यावरून भाऊबंदांत बोलणं बंद होतं आणि एका पावसाळ्यात कौल सरकतं, तिथून सुरुवात होते.

चार सह्या झाल्या. मडगावच्या घराचं म्हणणं, पंधरा जास्त होतात, दहा करा. मी नकार दिलाय आणि कारणासाठी तिसऱ्या तुळईचा हिशेब पाठवलाय. ते चतुर्थीला येणार आहेत, तेव्हा माडीवर बसून ठरेल. उत्तरेच्या सामाईक भिंतीचं काम दिवाळीनंतर, शेजाऱ्यांनी निम्मा खर्च मान्य केलाय.